सैतानावरचा शनिवारचा वर्ग : कुणी जावं, कुणी जाऊ नये

भुताच्या गोष्टी ऐकायला जाणार असाल तर जाऊ नका, पैसे वाया जातील. करणी, उतारा, अंगात येणं असलं काही तिथे मिळत नाही. पण ख्रिस्ती धर्म सैतानाबद्दल, पतन पावलेल्या देवदूतांबद्दल आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जगाबद्दल नेमकं काय शिकवतो हे ज्याला मराठीतून समजून घ्यायचं असेल, त्याने पुढच्या खेपेला जरूर नाव घालावं. गोव्यात बार्देशमधल्या एका चर्चच्या सभागृहात हा वर्ग भरतो. महिनाभर, दर शनिवारी संध्याकाळी साडेपाच ते साडेसात. फी पाचशे रुपये, त्यात चहा आणि झेरॉक्स नोट्स आल्या. चर्चचं नाव देत नाही, कारण खाली तक्रारीही आहेत आणि माणसं मनाने चांगली आहेत.

डिचोलीत माझा लहानसा छापखाना आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, जत्रेची हँडबिलं. शिवाय आमच्या वाड्यावर जत्रेला नाटक बसवतो. यंदाच्या संहितेत एक पाद्री आहे आणि त्याला छळणारा सैतान. सैतानाचं काम ज्या पोराला दिलंय तो एरवी काल्यात, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, संकासुर नावाचा राक्षस करतो. त्याने तालमीला तोच काळा पोशाख आणला, तीच लोंबती लाल जीभ, वर दोन शिंगं चिकटवली. म्हणे, "भाई, शिंगं लावली की झाला सैतान." मला ते रुचेना. आमच्या नाटकाला शेजारच्या वाड्यावरचे किरिस्तांव येऊन पुढच्या रांगेत बसतात, उत्तररात्रीपर्यंत उठत नाहीत. त्यांच्या धर्मातलं पात्र आपण ऐकीव माहितीवर उभं करायचं हे बरं नव्हे. म्हणून गेलो.

शिकवणारे फादर सत्तरीच्या पुढचे आहेत. बरीच वर्षं महाराष्ट्रात काढल्यामुळे मराठी स्वच्छ, मध्येच कोकणीवर येतात आणि परततात. वर्गात तीसेक माणसं होती. धर्मशिक्षणाच्या शिक्षिका, सावंतवाडीकडच्या दोन नर्सबाई, बेळगावहून इथे स्थायिक झालेलं एक प्रोटेस्टंट जोडपं, म्हापशातला एक बेकरीवाला, आणि आम्ही काही हिंदू. आमच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही की धर्माचा आग्रह केला नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण मी जातो म्हटल्यावर घरून पहिला प्रश्न तोच आला होता.

फादरांची पद्धत मला फार आवडली. फळ्यावर उभ्या रेघा मारून ते तीन रकाने करतात : शास्त्रात आहे, चर्च शिकवतं, लोक समजतात. वर्गातल्या कुणीही सैतानाबद्दल माहीत असलेली एक गोष्ट सांगायची आणि ती कुठल्या रकान्यात जाते ते सगळ्यांनी मिळून ठरवायचं. शिंगं, शेपूट, त्रिशूळ, बोकडाचे पाय, नरकातला राजा म्हणून सिंहासन, हे सगळं तिसऱ्या रकान्यात. नरकाचा राजा तर मुळीच नाही. मत्तयच्या शुभवर्तमानात (२५:४१) सार्वकालिक अग्नी सैतान आणि त्याच्या दूतांसाठी सिद्ध केलेला आहे असं म्हटलंय. म्हणजे तो तिथला कैदी, कारभारी नव्हे. तिसरा रकाना भरून भिंतीवर जायची वेळ आली तेव्हा पहिल्या रकान्यात जेमतेम पाच-सहा ओळी होत्या.

त्या ओळी मी वहीत उतरवून घेतल्या, कारण मला तिथेच खरी गोम दिसली. आपण 'लुसिफर नावाचा सर्वांत तेजस्वी देवदूत होता, त्याने बंड केलं, प्रमुख देवदूत मायकलने त्याला खाली लोटलं' अशी सलग गोष्ट ऐकलेली असते. बायबलात ती एका जागी, अशी सलग, कुठेच नाही. यशया १४ मध्ये 'प्रभाततारा' आकाशातून पडतो, पण अध्याय उघडून बघा, तो बाबेलच्या राजावर रचलेला उपहास आहे. लुसिफर हे नाव तिथे लॅटिन भाषांतरातून चिकटलं. यहेज्केल २८ मध्ये एदेन बागेतला रत्नजडित करूब, म्हणजे एका दर्जाचा देवदूत, आहे, पण ते विलापगीत सोराच्या राजाचं. लूक १०:१८ मध्ये येशू म्हणतो की सैतान विजेसारखा आकाशातून पडताना मी पाहिला. एवढंच, पुढे स्पष्टीकरण नाही. यहूदाच्या पत्रात आणि पेत्राच्या दुसऱ्या पत्रात एकेक वाक्य : ज्या देवदूतांनी आपलं स्थान सोडलं, पाप केलं, त्यांना न्यायाच्या दिवसापर्यंत अंधारात बांधून ठेवलंय. आणि प्रकटीकरण १२ मध्ये मायकल आणि अजगराचं युद्ध. अजगर शेपटीने आकाशातले एकतृतीयांश तारे खाली ओढतो, त्यावरून एकतृतीयांश देवदूत पडले असा हिशेब पुढे झाला. पण तेही युद्ध येतं त्याच अध्यायातल्या बाळाच्या जन्मानंतर, सृष्टीच्या आरंभी नव्हे.

मग गोष्ट खोटी का? बेळगावच्या काकांनी हाच प्रश्न विचारला, जरा चढ्या आवाजात. फादर म्हणाले, तुकडे शास्त्रातले आहेत, शिलाई पहिल्या शतकांतल्या धर्मपित्यांची, म्हणजे जुन्या ख्रिस्ती आचार्यांची आहे. शिलाई घट्ट आहे, फक्त ती शिलाई आहे हे विसरू नका. काकांचं समाधान झालं नाही. माझं झालं. आमच्या धंद्यात आणि नाटकात दोन्हीकडे मूळ प्रत कुठली आणि नंतर घातलेला मजकूर कुठला हे वेगळं ठेवता आलं नाही तर सगळा गोंधळ होतो.

दुसऱ्या शनिवारचा विषय बायबलातलं ईयोबाचं पुस्तक. माझ्या मते ज्यांना एकच संध्याकाळ जमण्यासारखी असेल त्यांनी ही चुकवू नये. पहिल्याच अध्यायात स्वर्गाचा दरबार भरलाय, देवपुत्र हजर झालेत आणि त्यांच्यात सैतानही येऊन उभा राहतो. हाकलत नाही कुणी. देव त्याला विचारतो, कुठून आलास? तो म्हणतो, पृथ्वीवर हिंडून फिरून. मग ईयोब या सज्जन माणसाच्या भक्तीवरून बोलणं निघतं आणि सैतान सुचवतो, त्याचं सगळं काढून घे, मग बघ. देव परवानगी देतो, पण मर्यादा घालून : आधी मालमत्तेपुरती, मग शरीरापुरती, जीव मात्र घ्यायचा नाही.

इथे फादरांनी एक धागा पकडला आणि शेवटच्या दिवसापर्यंत सोडला नाही. लूक २२:३१ मध्ये येशू पेत्राला सांगतो, गव्हासारखं चाळण्यासाठी सैतानाने तुम्हांला मागितलंय. मागितलंय, म्हणजे परवानगी पाहिजे. मार्क ५ मध्ये गरसेकरांच्या मुलखात थडग्यांमध्ये राहणारा, साखळदंड तोडणारा तो माणूस; नाव विचारल्यावर उत्तर येतं, सैन्य, कारण आम्ही पुष्कळ आहोत. आणि हे एवढं सैन्य काय करतं? विनवणी करतं, आम्हांला त्या डुकरांत जाऊ दे. येशूने जाऊ दिलं तेव्हा गेले, आणि सुमारे दोन हजारांचा तो कळप कड्यावरून समुद्रात गेला.

मी दिग्दर्शक म्हणून सांगतो, हे खलपात्र उभं करायला भयंकर कठीण आहे. आमच्या नाटकातला राक्षस येतो तोच रंगमंच हादरवत, देवांची आसनं डळमळतात, इंद्र पळतो. इथे खलनायक प्रत्येक पाऊल टाकण्याआधी विचारतो, टाकू का? चर्चची शिकवणही तीच. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन या चर्चच्या परिषदेने ठरवून टाकलं की सैतान आणि इतर दुरात्मे देवाने मुळात चांगलेच निर्माण केले, वाईट झाले ते स्वतःहून. त्या काळी दक्षिण फ्रान्सकडे एक चांगला देव आणि एक वाईट देव मानणारे पंथ जोरात होते. त्यांना दिलेलं हे उत्तर. १९९२ मध्ये निघालेल्या कॅथलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथातही स्पष्ट आहे की सैतानाची शक्ती अमर्याद नाही, तो केवळ एक निर्मित जीव आहे. देवाच्या तोडीचा शत्रू मुळीच नाही. मायकलच्या तोडीचा म्हणा हवं तर. ताळगावच्या किंवा हणजुण्याच्या चर्चच्या फेस्ताला ज्यांनी सेंट मायकलला मान दिलाय त्यांना हे नवीन नसेल, मला होतं.

संत थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन धर्मपंडिताच्या मतांवर अर्धा तास गेला. देवदूताला शरीर नाही, त्यामुळे खादाडी, दारू, बायका ही पापं त्याला शक्यच नाहीत. त्याचं पाप अहंकाराचं आणि त्यापाठोपाठ मत्सराचं. झालं, माझ्या दुसऱ्या अंकातला मद्याचा प्याला हातात घेतलेला सैतान आणि त्याच्या भोवतीचा नाच दोन्ही गेले. नाचासाठी पणजीहून मुलगी ठरवली होती, तिला फोन करावा लागला.

आता ज्या प्रश्नासाठी मी खरं म्हणजे हे सगळं लिहायला बसलो तो. मी फादरांना जय-विजयाची गोष्ट सांगितली. वैकुंठाचे द्वारपाल, सनकादिकांना अडवलं म्हणून शाप लागला आणि खाली पडले. स्वर्गातून पडलेले सेवक म्हटल्यावर आपल्याला तेच आठवणार. पण ते हिरण्याक्ष-हिरण्यकशिपू होतात, रावण-कुंभकर्ण होतात, शिशुपाल-दंतवक्र होतात आणि तीन जन्मांनंतर आपल्या दारावर परत उभे राहतात. कीर्तनात तर सांगतात, देवाने विचारलं, सात जन्म भक्त म्हणून हवेत की तीन जन्म वैरी म्हणून? त्यांनी वैर निवडलं, लवकर घरी जाता येतं म्हणून. तर मग फादर, तुमच्या पडलेल्यांना परतीची वाट का नाही?

फादरांनी खडू खाली ठेवला आणि टेबलाच्या कडेवर टेकून बसले. उत्तर असं होतं. माणूस तुकड्यातुकड्याने जाणतो. काल एक समजलं, आज दुसरं समजलं, भूक लागली होती तेव्हा चिडलो, जेवल्यावर शांत झालो. म्हणून माणूस पस्तावू शकतो : आधी जे दिसलं नव्हतं ते त्याला नंतर दिसतं. देवदूताचं तसं नाही. तो जे निवडतो ते पूर्ण डोळे उघडे ठेवून, एकदाच, सगळा परिणाम समोर असताना निवडतो. त्याला नंतर कळण्यासारखं काही उरलेलंच नसतं. आठव्या शतकातल्या दमास्कसच्या योहानाने म्हटलंय की माणसाला जसा मृत्यू तसं देवदूतांना त्यांचं पतन. दोन्हींनंतर पश्चात्ताप नाही. एका शिक्षिकेने विचारलं, "म्हणजे देवाची दया तिथे कमी पडली?" फादर म्हणाले, दया कमी पडत नाही, घेणारा हात उघडत नाही.

मला हे बुद्धीला पटलं, मनाला पटायचं आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचा ओरिगेन नावाचा मोठा विद्वान होता, त्यालाही बहुधा ते जड गेलं असावं. शेवटी सगळेच जीव देवाकडे परततील, अशा आशेपर्यंत तो गेला. सहाव्या शतकात चर्चने ती शिकवण नाकारली. फादरांनी ओरिगेनची बाजू चेष्टा न करता मांडली, हा त्यांचा मोठेपणा. चहाच्या वेळी मी म्हटलं, आमच्याकडे रावणाचं वैरही त्याला देवाकडेच नेतं, विरोधभक्ती म्हणतात. ते हसून म्हणाले, "तेंच तर. आमच्याकडे द्वेषान कोण घरा पावना." नाटकवाल्यासाठी यात फार मोठी अडचण आहे. आमच्या रावणाला मरताना राम दिसतो, ज्योत बाहेर पडते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. सैतानाला तसला शेवट देता येत नाही. तो पडतो आणि पडलेलाच राहतो. तिसरा अंक मी अजून लिहितोच आहे.

हनोखच्या ग्रंथासाठी अजून वेळ द्यायला हवा होता, ही पहिली तक्रार. सगळ्यांत रसाळ भाग आणि जेमतेम वीस मिनिटं. उत्पत्ती ६ मध्ये 'देवपुत्र' मानवकन्यांशी लग्न करतात आणि महाबलाढ्य संतती होते, असं चार ओळींत आहे. येशूच्या आधीच्या काळात यहुद्यांमध्ये तयार झालेल्या हनोखच्या ग्रंथात त्याचं पूर्ण आख्यान होतं : दोनशे 'जागरण करणारे' देवदूत हर्मोन डोंगरावर उतरतात, शेमयाझा त्यांचा म्होरक्या, माघार घ्यायची नाही म्हणून सगळे मिळून शपथ घेतात. अझाझेल माणसांना तलवारी घडवायला आणि बायकांना डोळे रंगवायला शिकवतो. त्यांच्या राक्षसी मुलांचे आत्मे मेल्यावर भटकत राहतात, तीच भुतं. यहूदाच्या पत्रात या ग्रंथातलं एक वचन चक्क घेतलेलं आहे. तरी तो बहुतेक चर्चच्या बायबलात नाही; इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स चर्चने मात्र ठेवला, आणि अख्खा ग्रंथ तिथल्या गीझ भाषेतच टिकला. मृत समुद्राजवळच्या गुहांत त्याचे अरामी तुकडे सापडले. संत ऑगस्टीनने देवपुत्र म्हणजे देवदूत हा अर्थ मान्य केला नाही. आदामाचा मुलगा शेथ याच्या वंशातली माणसं, असं म्हटलं. हे सगळं घाईघाईत झालं. नऊ दर्जांच्या देवदूतांची यादी पाठ करून घेण्यात वेळ गेला तो इथे दिला असता तर बरं झालं असतं. ती यादी सुमारे पाचव्या-सहाव्या शतकातली, नोट्समध्ये वाचून कळण्यासारखी आहे.

नोट्स! छापखानेवाला आहे, माफ करा, पण इथे बोलावंच लागेल. झेरॉक्सची झेरॉक्स, शिरोरेषा गायब, काना कुठला आणि पानावरचा डाग कुठला ते कळत नाही. यशया १४ च्या जागी ४१ पडलंय. 'यहूदाचे पत्र' दोन ठिकाणी 'यहूदीचे पत्र'. पान सात उलटं लावलेलं. ज्या गोव्यात १५५६ साली देशातला पहिला छापखाना उतरला, तिथे ही अवस्था. रायतूरला १६१६ मध्ये फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण छापलं गेलं तेव्हा देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून मराठी ओव्या रोमन अक्षरांत जुळवल्या होत्या. त्या जुळाऱ्याने काय कष्ट काढले असतील! आज फुकटात फाँट मिळतात. आणि गंमत म्हणजे देवदूतांची निर्मिती आणि लुसिफराचं पतन त्या पुराणाच्या पहिल्या भागात ओवीबद्ध आहे. एका इंग्रज जेझुइटाने, १५७९ साली गोव्यात येऊन, इथल्या नव्या ख्रिस्ती लोकांसाठी आपल्या पुराणांच्या चालीवर रचलेलं. फादरांनी त्यातल्या काही ओव्या म्हणून दाखवल्या. नर्सबाई म्हणाल्या, आमच्या आजीच्या पोथीसारखं वाटतंय. असलं सोन्यासारखं साहित्य हाताशी असताना नोट्समध्ये त्यातली एक ओळ नाही.

तिसऱ्या शनिवारी भुतांचे प्रश्न येणारच होते, आले. बेकरीवाल्याने राखणदाराचं काढलं. गावच्या वेशीवर आपण उदबत्ती लावतो, कुणी विडी ठेवतो, कुणी सोरो, म्हणजे दारू, ओततो. आणि लावणाऱ्यांत फक्त हिंदू नसतात हे गोव्यात सगळ्यांना माहीत आहे. म्हापशाच्या बोडगेश्वराच्या जत्रेला कोण कोण जातं ते सांगायला नको. तो राखणदार तुमच्या कुठल्या रकान्यात? मला वाटलं होतं फादर गोड बोलून सुटतील. सुटले नाहीत. म्हणाले, चर्चच्या शिकवणीप्रमाणे ख्रिस्ती माणसाने देवाला सोडून दुसऱ्या कुठल्याही अदृश्य शक्तीला नैवेद्य द्यायचा नाही, प्रेषित पौलाने करिंथकरांना पत्रात सरळ लिहिलंय. मग आमच्याकडे बघून म्हणाले, हा नियम मी माझ्या लोकांना सांगतोय, तुमच्या श्रद्धेचा न्याय करायला मला कुणी नेमलेलं नाही. मतभेद राहिला. पण तोंडावर आणि नीट शब्दांत सांगितलेला मतभेद मला चालतो.

भूतबाधा काढण्याबद्दल ते जे बोलले ते छापून वाटावं असं आहे. कुठलाही पाद्री उठून हे करू शकत नाही; १९८३ च्या चर्च-कायद्याच्या ११७२ व्या कलमाप्रमाणे बिशपची स्पष्ट परवानगी लागते आणि ती भक्ती, ज्ञान, विवेक आणि शुद्ध आचरण असलेल्या धर्मगुरूलाच मिळते. १६१४ पासून चालत आलेला विधी १९९९ मध्ये नव्याने प्रसिद्ध झाला. आणि आजार असेल तर तो डॉक्टरांचा विषय, हे धर्मशिक्षणाच्या ग्रंथातच लिहिलंय. फादरांच्या भाषेत : "आधी बांबोळी, मग बिशप." गोव्यात बांबोळीला मानसोपचाराची मोठी संस्था आहे, त्यामुळे वर्गात हशा पिकला; पण सावंतवाडीच्या नर्सबाई हसल्या नाहीत, मान हलवत राहिल्या. त्यांनी वॉर्डात काय काय बघितलं असेल.

शेवटच्या शनिवारी मात्र पाहुणे वक्ते बोलावले होते आणि ती संध्याकाळ फसली. विषय 'आत्मिक युद्ध'. दानीएल १० मध्ये पारसाच्या राज्याचा अधिपती दूताला एकवीस दिवस अडवून धरतो आणि मायकल मदतीला येतो, हा खरोखरच गूढ आणि सुंदर भाग. इफिसकरांस पत्र ६:१२ मध्ये पौल म्हणतो, आपलं झगडणं रक्तमांसाशी नाही, तर सत्ताधीश, अधिकारी आणि आकाशातल्या दुरात्म्यांशी आहे. यावर शांतपणे बोलता आलं असतं. वक्त्यांनी प्रोजेक्टरवर तालुक्यांचा नकाशा लावला, वर लाल बाण, आणि कुठल्या भागावर कुठला दुरात्मा बसलाय ते सांगायला सुरुवात केली. माझा तालुकाही निघाला. फादर मागच्या खुर्चीवर बसून होते, प्रश्नोत्तरांच्या वेळी त्यांनी एवढंच विचारलं, "हे पहिल्या रकान्यातलं की तिसऱ्या?" वक्ते म्हणाले, अनुभवातलं. तेवढ्यात वीज गेली, बरंच झालं. आयोजकांना विनंती, पुढच्या खेपेला ही संध्याकाळ फादरांनाच द्या.

बाकी किरकोळ. खुर्च्या प्लास्टिकच्या, दोन तासांत पाठ बोलू लागते. म्हाताऱ्यांनी उशी न्यावी. पावसाळ्यात डास. माईकची वायर सैल आहे, फादर हलले की खरखर. पार्किंग भरपूर, पण मांडवीचा पूल ओलांडून येणार असाल तर शनिवारची गर्दी धरून अर्धा तास आधी निघा. चहा बरा, सोबतचे पातीस उत्तम, म्हापशाच्या बेकरीवाल्याने स्वतःहून आणलेले. फीत पातीस धरलेले नाहीत, तेव्हा अपेक्षा ठेवू नका.

लहान मुलांना नेऊ नका, त्यांना कंटाळा येईल. प्रोटेस्टंट असाल तर तोबीत, म्हणजे राफाएल आणि अस्मोदै असलेलं पुस्तक, यावरून थोडा वाद होईल. बेळगावच्या काकूंनी घातला आणि फादरांनी ते पुस्तक त्यांच्याकडच्या बायबलात का नाही तेही सरळ सांगितलं. नाटक, कीर्तन, तियात्र, लेखन यांतलं काही करत असाल तर वही मोठी न्या.

आमच्या सैतानाची शिंगं काढली. पोरगा रुसला होता. आता त्याला एकच काम दिलंय, पाद्र्याजवळ जाताना दर वेळी थांबायचं, वर बघायचं, आणि मगच पुढे पाऊल टाकायचं. तालमीत पहिल्यांदा केलं तेव्हा पेटीवाला म्हणाला, हा आधीच्यापेक्षा जास्त भीती घालतोय.

आयोजकांपैकी कुणी हे वाचत असेल तर : नोट्स मी छापून देतो. कागद आणि शाईचे पैसे द्या, मजुरी नको. फक्त मूळ प्रत हातात द्या, झेरॉक्स नको, आणि क्रिस्तपुराणातल्या लुसिफराच्या ओव्यांना चार पानं ठेवा. प्रूफ मी दोनदा बघीन, तिसऱ्यांदा फादरांनी बघावं.